इटलीचे हिंसक गल्लाभरू चित्रपट: पहिल्यांदा पाहणाऱ्यासाठी मार्गदर्शक

या चित्रपटांकडे मी चुकीच्या दाराने गेलो. पुण्यात वसतिगृहात राहत असताना एका मित्राने 'जगातला सर्वांत भयंकर चित्रपट' अशी ओळख करून देत संगणकावर एक इटालियन चित्रपट लावला. अर्ध्या तासात दोघे जण उठून गेले, मी हट्टाने शेवटपर्यंत बसलो, रात्री मेसमधले ताट तसेच परत केले, आणि त्या देशाच्या त्या सगळ्या काळावर मनातल्या मनात फुली मारून टाकली. चार वर्षांनी एन्निओ मोरिकोने यांच्या संगीताचा माग काढताना १९७० सालचा एक रहस्यपट हाती लागला, तो एका बैठकीत दोनदा पाहिला, आणि तेव्हा कुठे लक्षात आले की मी शेवटून सुरुवात केली होती. तुमची ती चार वर्षे वाचावीत, एवढ्यासाठी हा लेख आहे.

'गल्लाभरू' हा शब्द मी शिवी म्हणून वापरत नाही. खून, नग्नता, सूड किंवा वर्तमानपत्रातली ताजी खळबळ यांच्या जोरावर तिकीट विकायचे, खर्च कमी ठेवायचा आणि चित्रीकरण झटपट उरकायचे, हा ज्यांचा उघड व्यवहार होता, अशा चित्रपटांना हा शब्द नेमका लागू पडतो. असे चित्रपट स्पेन, फ्रान्स आणि जर्मनीतही निघाले. पण साधारण १९६४ ते १९८२ या काळातल्या इटलीत त्यांचे जे पीक आले ते सर्वांत मोठे आणि सर्वांत विविध होते, म्हणून इथे फक्त इटलीबद्दल लिहितो. हे सर्व चित्रपट प्रौढांसाठीच आहेत. घरात लहान मुले जागी असताना ते लावू नयेत, हे वेगळे सांगायला नकोच.

जवळ काय असावे

• डिस्क विकत घेणार असाल तर सर्व विभागांच्या डिस्क वाजवणारा प्लेअर. विभाग म्हणजे डिस्क जगाच्या कोणत्या भागात चालावी हे ठरवणारी खूण. भारताचा डीव्हीडी विभाग ५ आणि ब्लू-रे विभाग 'सी' आहे. इटली व ब्रिटनचे विभाग अनुक्रमे २ आणि 'बी', तर अमेरिकेचे १ आणि 'ए' आहेत. साध्या प्लेअरवर परदेशी डिस्क बहुधा चालतच नाही. ४के डिस्कला विभागाचे बंधन नसते, मात्र तिला तिचा वेगळा प्लेअर लागतो.
• चांगला हेडफोन. या चित्रपटांचे निम्मे बळ ध्वनीत आहे आणि टीव्हीच्या स्पीकरवर ते वाया जाते.
• इंग्रजी सबटायटल्स वाचण्याचा सराव. मराठी सबटायटल्सची आशा धरू नका.
• एक वही, जिच्यात प्रत्येक चित्रपटाचे मूळ इटालियन नाव, वर्ष आणि लांबी लिहून ठेवता येईल. ती कशाला, हे तिसऱ्या पायरीत येईल.

१. कुप्रसिद्धीच्या यादीवरून निवड करू नका

नवखा प्रेक्षक हमखास हीच चूक करतो. ब्रिटनमध्ये १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला घरोघरी व्हिडिओ आले, वर्तमानपत्रांनी काहूर उठवले, सरकारी वकिलांच्या कार्यालयाने खटल्यास पात्र अशा चित्रपटांच्या याद्या काढल्या आणि १९८४ साली व्हिडिओंसाठी स्वतंत्र कायदा झाला. त्या याद्यांतली ७२ नावे आजही मानाच्या पदकासारखी मिरवली जातात. पण त्या याद्या पोलिसांच्या सोयीसाठी होत्या, रसिकांच्या नव्हे. त्यांत उत्तम चित्रपट आहेत, सुमार आहेत, आणि निव्वळ भडक नावापायी अडकलेलेही आहेत. बंदी आली होती एवढ्या एकाच कारणाने कोणताही चित्रपट उचलू नका.

२. 'फिलोने' हा एक शब्द समजून घ्या

फिलोने म्हणजे खाणीतली धातूची शीर. इटालियन निर्मात्यांचा धंदा या एका शब्दात सामावतो: एखादा चित्रपट चालला की सगळ्यांनी त्याच जागी खणायचे आणि शीर आटली की पुढच्या जागी कुदळ मारायची. १९६४ साली सेर्जो लेओने यांचा वेस्टर्न, म्हणजे अमेरिकी पश्चिमेतल्या बंदूकबाजांचा चित्रपट, चालला आणि शेकडो वेस्टर्न निघाले. १९६६ साली सेर्जो कोर्बुच्ची यांचा 'जँगो' गाजला, तर ज्या चित्रपटांत जँगो नावाचे कोणी औषधालाही नाही त्यांच्या जाहिरातींवरसुद्धा जँगो झळकू लागला. १९७० साली दारिओ अर्जेंतो यांच्या पहिल्या चित्रपटाने खुनी रहस्यपटांची शीर उघडली, मागोमाग पोलीसपट आले, मग नरभक्षकपट, आणि १९७९ नंतर चालते मुडदे.

यातल्या रहस्यपटांना 'जाल्लो' म्हणतात. जाल्लो म्हणजे पिवळा. मोन्दादोरी या प्रकाशनसंस्थेने १९२९ पासून पिवळ्या वेष्टनात स्वस्त रहस्यकथा काढल्या, आणि इटलीत रहस्यकथेचे नावच पिवळे पडले. काळे हातमोजे, चकाकणारा वस्तरा, परक्या शहरात आलेला आणि काहीतरी अर्धवट पाहिलेला माणूस, ही त्याची ठरलेली सामग्री.

प्रेक्षक कोण होता हेही ध्यानात ठेवा. इटलीत चित्रपटगृहांची उतरंड होती: पहिल्या फेरीची महागडी, दुसऱ्या फेरीची मध्यम, आणि तिसऱ्या फेरीची म्हणजे उपनगरांतली व खेड्यांतली स्वस्त चित्रपटगृहे. या शेवटच्या ठिकाणी लोक केव्हाही आत येत, मध्येच उठून जात, मोठमोठ्याने बोलत. चित्रपट अधूनमधून दचकवून त्यांचे लक्ष पडद्याकडे ओढतो आणि मध्यंतरी सैल सोडतो, तो यामुळेच. कथेची वीण उसवलेली वाटली की या प्रेक्षकाची आठवण ठेवा. मग चित्रपट वाईट होता की तो वेगळ्याच बैठकीसाठी केला होता, हे जरा न्यायाने ठरवता येईल.

३. प्रत तपासून घ्या

एकाच चित्रपटाची चार नावे असणे इथे नित्याचे आहे. मारिओ बावा यांचा १९७१ सालचा एक चित्रपट इटलीतच दोन नावांनी ओळखला जातो, इंग्रजीत त्याला आणखी दोन-तीन नावे आहेत, आणि मी तो अजाणता दोनदा विकत घेतला आहे. माणसांचेही तेच. माल अमेरिकन वाटावा म्हणून लेओने पहिल्या वेस्टर्नवर बॉब रॉबर्टसन झाले आणि अंतोनिओ मार्गेरिती वर्षानुवर्षे अँथनी डॉसन म्हणून वावरले. इंग्रजी नाव बदलत राहते. मूळ इटालियन नाव आणि वर्ष ही जोडी मात्र सहसा दगा देत नाही. वही त्यासाठी.

लांबीचा सापळा याहून अवघड आहे. निर्यातीसाठी वेगळी प्रत कापली जाई आणि प्रत्येक देशाची कात्री वेगळ्या ठिकाणी चाले. अर्जेंतो यांच्या १९७५ सालच्या 'प्रोफोन्दो रोस्सो'ची निर्यातीची प्रत इटालियन प्रतीपेक्षा सुमारे २० मिनिटांनी छोटी आहे, आणि गंमत अशी की गेले ते मुख्यतः रक्त नव्हे, तर पियानोवादक नायक आणि पत्रकार नायिका यांच्यातली थट्टामस्करी. ती गेली की उरतो निव्वळ खुनांचा सांगाडा. मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून 'संपूर्ण आवृत्ती' म्हणून हीच तोकडी प्रत घेतली होती. वेष्टन फोडल्यावर माल परत घेतला जात नाही, असे उत्तर मिळाले. तेव्हा पैसे देण्याआधी लांबी मिनिटांत विचारून घ्या.

मात्र लांबी कमी दिसली म्हणजे कात्री लागलीच, असेही नाही. युरोपातल्या जुन्या डीव्हीडीवर चित्रपट सेकंदाला २४ ऐवजी २५ फ्रेमच्या वेगाने धावतो, त्यामुळे १०० मिनिटांचा अखंड चित्रपट ९६ मिनिटांत संपतो. हा हिशेब माहीत नसल्याने चांगल्या प्रती नाकारणारे लोक मी पाहिले आहेत.

४. भाषेचा घोळ आधीच मिटवा

'मी मूळ भाषेतच पाहतो' हा चांगल्या प्रेक्षकाचा बाणा इथे लुळा पडतो, कारण बहुतेक चित्रपटांना मूळ आवाज असा नाहीच. चित्रीकरणाच्या वेळी थेट ध्वनिमुद्रण होत नसे. नट आपापल्या भाषेत संवाद म्हणत आणि नंतर इटालियन व इंग्रजी अशा दोन्ही ध्वनिपट्ट्या डबिंगगृहात तयार होत. ओठ आणि शब्द जुळत नाहीत म्हणून हसू येईल, पण पहिल्या वीस मिनिटांत डोळ्यांना त्याची सवय होते. माझा ठोकताळा असा: कथा इटलीतल्या माणसांची असेल तर इटालियन पट्टी, आणि मुख्य नट इंग्रजी बोलणारा असून त्याने स्वतःचा आवाज दिला असेल तर इंग्रजी.

दोन बारीक गोष्टी. पूर्ण लांबीची प्रत इंग्रजीत लावली तर मध्येच पात्रे इटालियन बोलू लागतात. निर्यातीतून कापलेल्या प्रसंगांचे इंग्रजी डबिंगच नसते, त्यामुळे असे होते, डिस्कमध्ये बिघाड नसतो. आणि सबटायटल्सचे दोन संच दिले असतील तर इटालियन पट्टीसोबत इटालियन संवादांचे भाषांतर असलेला संच निवडा, नाहीतर वाचायला एक आणि ऐकायला दुसरे अशी गत होते.

५. पहिले चार, याच क्रमाने

पहिला: अर्जेंतो यांचा १९७० सालचा पहिला चित्रपट, ज्याच्या नावात स्फटिकाच्या पिसांचा पक्षी आहे. छायाचित्रण वित्तोरिओ स्तोरारो यांचे, संगीत मोरिकोने यांचे. रोममध्ये राहणारा एक अमेरिकन लेखक रात्री रस्त्याने चालला आहे. पलीकडे एका कलादालनाच्या भल्यामोठ्या काचेआड, पांढऱ्याशुभ्र उजेडात, एक स्त्री आणि काळ्या कपड्यांतली एक आकृती झटापट करताना दिसतात. तो धावतो, बाहेरची काच सरकून उघडते, आतली उघडत नाही, आणि तेवढ्यात बाहेरचीही बंद होते. दोन काचांमधल्या फटीत तो मत्स्यालयातल्या माशासारखा अडकतो. आतली स्त्री रक्ताळलेल्या अवस्थेत त्याच्याकडे सरपटत येते, तो ओरडतो, पण आवाज इकडून तिकडे जात नाही. पुढचा सगळा चित्रपट म्हणजे त्या काही क्षणांत आपण नक्की काय पाहिले, हे आठवण्याची त्याची धडपड. आपणही तेच पाहिलेले असते आणि आपणही त्याच्याइतकेच फसलेलो असतो. या प्रकाराचे आकर्षण मला कोणी विचारले तर मी हा प्रसंग दाखवतो: इथे पाहणे हीच मुख्य घटना आहे, सुरी तिच्यामागून येते.

(जाता जाता: अर्जेंतो हे आधी वर्तमानपत्रातले चित्रपट-समीक्षक होते, आणि लेओने यांच्या १९६८ सालच्या ज्या वेस्टर्नमधल्या कुटुंबाच्या हत्याकांडाची छाया 'शोले'तल्या ठाकूरच्या घरावर पडलेली दिसते, त्याच्या कथाकारांत त्यांचे नाव आहे. म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांनी या शिरेतले पाणी नकळत आधीच चाखले आहे.)

दुसरा: बावा यांचा १९६४ सालचा, फॅशनगृहातल्या सहा स्त्रियांच्या खुनांचा चित्रपट. बावा मुळात कॅमेरामन, आणि त्यांचे वडीलही कॅमेरामनच. कथा पातळ आहे, पण लाल पुतळे, जांभळ्या सावल्या आणि कुठून येतो ते न कळणारा हिरवा उजेड यांकडे पाहा. पुढच्या २० वर्षांच्या रंगांचा उगम इथे सापडतो.

तिसरा: फेर्नांदो दी लेओ यांचा १९७२ सालचा 'मिलानो कालिब्रो ९'. हा पोलीसपटांच्या काळातला गुन्हेपट आहे आणि तो त्याच्या काळासह पाहावा लागतो. डिसेंबर १९६९ मध्ये मिलानच्या पियात्सा फोंताना चौकातल्या बँकेत बॉम्ब फुटून १७ माणसे मेली. तिथून सुरू झालेली राजकीय हिंसेची वर्षे १९७८ साली माजी पंतप्रधान आल्दो मोरो यांच्या अपहरणापर्यंत आणि खुनापर्यंत गेली. या प्रकारातले पोलीस सतत चिडलेले का असतात, न्यायालयांविषयी इतकी कडवट भाषा का वापरतात, हे मग उलगडते. अनेक पोलीसपट गोळी हाच न्याय असे उघड सांगतात, आणि चकमकीवर टाळ्या वाजवणारे हिंदी चित्रपट पाहून वाढलेल्या आपल्याला तो सूर ओळखीचा वाटेल. दी लेओ यांनी मात्र पोलीस ठाण्यातच दोन अधिकाऱ्यांना समोरासमोर बसवून त्यावर वाद घालायला लावला आहे.

चौथा, आणि माझ्या मते सर्वांत मोठा: लुचिओ फुल्ची यांचा १९७२ सालचा चित्रपट, ज्याच्या नावाचा अर्थ 'बदकाच्या पिल्लाचा छळ करू नये' असा होतो. दक्षिण इटलीतल्या एका गावात लहान मुलांचे खून होतात आणि संशय गावकुसाबाहेर राहणाऱ्या, चेटकीण समजल्या जाणाऱ्या एका बाईवर येतो. पोलीस तिला निर्दोष म्हणून सोडतात. मग स्मशानात गावातले पुरुष तिला साखळ्यांनी मारतात आणि त्याच वेळी जवळच्या रेडिओवर एक गोड प्रेमगीत वाजत राहते. ती सरपटत नव्या महामार्गाच्या कडेला येऊन पोहोचते. गाड्यांतून सहलीला निघालेली कुटुंबे तिच्याकडे पाहतात आणि पुढे जातात. हा प्रसंग पाहवत नाही, आणि तो तसाच हवा आहे. इथे प्रत्येक फटक्याचा हिशेब गावाच्या नावावर मांडला जातो.

चारही एका आठवड्यात उरकू नका. दोन चित्रपटांमध्ये काही दिवस जाऊ द्या.

६. कुठे थांबायचे ते आधी ठरवा

आता मी वसतिगृहात पाहिलेल्या चित्रपटाकडे येतो. तो रुज्जेरो देओदातो यांचा 'कॅनिबल होलोकॉस्ट'. फेब्रुवारी १९८० मध्ये तो मिलानमध्ये लागला आणि काही दिवसांतच जप्त झाला. नटांचे पडद्यावरचे मृत्यू खरे असल्याचा संशय इतका पसरला की ते जिवंत असल्याचे दिग्दर्शकाला सिद्ध करावे लागले. नटांचे ते सिद्ध करता आले. पण नदीतून ओढून काढलेले ते मोठे कासव, आणि त्याच्याखेरीज माकड, डुक्कर आणि कोआटी (रॅकूनच्या जातीचा, लांब नाकाचा प्राणी) हे कॅमेऱ्यासमोर खरोखर मारलेले आहेत. ब्रिटिश सेन्सॉरने २०११ साली बाकी सगळे मान्य केले, तेव्हाही कोआटीच्या हत्येची सुमारे १५ सेकंदे कापूनच परवानगी दिली.

'तो काळच तसा होता' असे उत्तर तुम्हाला हमखास मिळेल. ते मानू नका. फुल्ची यांच्या १९७१ सालच्या एका चित्रपटात चिरलेली कुत्री दिसतात. तीही खरी वाटून प्रकरण न्यायालयात गेले, तेव्हा कार्लो राम्बाल्दी यांनी स्वतः बनवलेली नकली कुत्री आणून दाखवली. म्हणजे नऊ वर्षे आधी, त्याच उद्योगात, हे काम हातचलाखीने करता येत होते. देओदातो यांच्याकडे पर्याय होता.

त्या चित्रपटाचे समर्थक सांगतात की तो प्रसारमाध्यमांच्या क्रौर्यावर टीका करतो, आणि कथेत ती टीका आहेही. पण टीकेसाठी तो तेच क्रौर्य करतो, आणि वर ॲमेझॉनमधल्या खऱ्या जमातीचे नाव घेऊन तिला नरभक्षक म्हणून विकतो. रिझ ओर्तोलानी यांचे त्यातले संगीत अतिशय सुंदर आहे, आणि मला ते आजही निर्धास्तपणे ऐकता येत नाही.

स्त्रियांचा प्रश्न याहून चिवट आहे, कारण तो या एकाच चित्रपटात नव्हे तर सर्वत्र आहे, वरच्या चारांतही. एक साधी चाचणी करून पाहा: घड्याळ लावून पुरुष मरायला किती वेळ घेतो आणि स्त्री किती, याची नोंद करा. पुरुषाला बहुधा गोळी लागते आणि प्रसंग संपतो. स्त्रीच्या मरणासाठी मात्र दिवे मांडलेले असतात, संगीत लिहिलेले असते, कपडे निवडलेले असतात. बावा यांची रंगयोजना मी वर वाखाणली; ती सर्वांत फुलते ती स्त्रियांच्या खुनाच्या वेळी, हे मला नाकारता येत नाही. फुल्ची यांच्यासारखा माणूससुद्धा १९८२ साली न्यूयॉर्कमधल्या स्त्रियांच्या हत्यांवर असा एक चित्रपट करतो, की त्यात दहा वर्षांपूर्वीचे ते स्मशान शोधूनही सापडत नाही. तोवर इटलीत १९७६ च्या न्यायालयीन निकालानंतर खासगी दूरचित्रवाणी घरात शिरली होती, स्वस्त चित्रपटगृहे रिकामी पडत होती आणि उरलेल्या प्रेक्षकाला ओढायला दरवेळी मात्रा वाढवावी लागत होती. कारण समजते, चित्रपट त्यामुळे सुसह्य होत नाही.

व्यवहारात एवढे करा. चित्रपट लावण्यापूर्वी 'डझ द डॉग डाय' या संकेतस्थळावर त्याचे नाव टाका. प्राण्यांची हत्या, बलात्कार, मुलांवरची हिंसा असे मुद्दे तिथे प्रेक्षकांनी वेगवेगळे नोंदवलेले असतात. ऑनलाइन सेवांवरचे 'ए' हे अक्षर फक्त वय सांगते, आत काय आहे ते सांगत नाही. काही डिस्कवर प्राण्यांचे प्रसंग वगळून पाहण्याची सोय असते, ती वापरण्यात कमीपणा नाही. आणि सोबत कोणी बसणार असेल तर त्याला आधी स्पष्ट सांगा. माझ्या मित्राने मला सांगितले नव्हते.

७. रक्त नको झाले तर

हीच माणसे इतरत्रही भेटतात. स्तोरारो यांना पुढे ऑस्कर मिळाले, राम्बाल्दी यांनी 'ई. टी.' मधला तो परग्रहवासी घडवला. पण माझी शिफारस वेगळी आहे. सेर्जो सोल्लीमा यांनी वेस्टर्न आणि गुन्हेपट केल्यानंतर १९७६ साली इटालियन दूरचित्रवाणीसाठी सहा भागांची 'सांदोकान' ही मालिका केली, जिच्यात मलायातल्या चाच्याची भूमिका आपल्या कबीर बेदी यांची आहे. तिचे संगीत देणारे दे आंजेलिस बंधू पोलीसपटांतल्या गाड्यांच्या पाठलागांनाही संगीत देत. मी ती आईसोबत पाहिली; तिला वाघाशी झुंज खोटी वाटली आणि कबीर बेदी फार देखणा वाटला, आणि दुसरा भाग तिनेच लावायला सांगितला.